दुकानाच्या क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवायचंय? कोल्हापूरकरांसाठी पायरी-पायरीनं

कार्डावर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्यामुळे लिमिट वाढवायचं म्हटलं की माणूस सरळ दुकानात जातो. राजारामपुरीतलं शोरूम असो नाहीतर मॉलमधला कस्टमर सर्व्हिसचा काउंटर, तिथली पोरं अदबीनं 'ॲपवर बघा सर' म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यांच्या हातात खरोखरच काही नसतं. आपल्याकडे दुकानाचं म्हणून जे क्रेडिट कार्ड मिळतं, ते बँकेचं किंवा कार्ड कंपनीचं असतं. रिलायन्सच्या नावाचं कार्ड एसबीआय कार्ड कंपनीचं, लाइफस्टाइल होम सेंटरचंही तिचंच, शॉपर्स स्टॉपचं एचडीएफसी बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत हे स्पष्ट लिहिलंय: भागीदार दुकानानं कार्ड खपवायचं आणि आपल्या मालावर सवलती द्यायच्या, बस्स.

आधी कार्ड उलटं करून बघा

कार्ड देणाऱ्या संस्थेचं नाव कार्डावर असावंच लागतं. ते शोधा आणि इथून पुढचा सगळा व्यवहार त्या संस्थेशी करा. एक गल्लत नेहमी होते. एसबीआय कार्ड ही स्टेट बँकेच्या घरची असली तरी वेगळी कंपनी आहे, एनबीएफसी म्हणजे बँक नसलेली वित्तसंस्था म्हणून नोंदलेली. स्टेट बँकेत तुमचं वीस वर्षांचं खातं असेल, मॅनेजर ओळखीचा असेल, तरी शाखेतून कार्डाचं लिमिट वाढत नाही. टोकन घेऊन बसू नका.

दुसरी गल्लत यूट्यूबची. 'स्टोअर कार्ड लिमिट' शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ समोर येतात. तिथे मेसीज किंवा कोल्ससारख्या दुकानांची कार्डं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. बरीचशी फक्त त्याच दुकानात चालणारी, लहान लिमिटची आणि तुलनेनं सहज मिळणारी. दर काही महिन्यांनी ॲपमध्ये बटण दाबत राहायचं, चौकशीची खूण कर्जनोंदीच्या अहवालावर उमटत नाही, अशा युक्त्या त्यात सांगतात. ते तिथलं गणित आहे. इथलं दुकानाचं कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं, सगळीकडे चालणारं असतं आणि लिमिट देताना बँक ते आपल्या इतर कार्डांसारखंच तपासते.

कशासाठी वाढवायचंय, ते ठरवा

लिमिट वाढवण्याची माझ्या मते दोनच रास्त कारणं आहेत. एक म्हणजे तुमचा नेहमीचा खर्चच लिमिटच्या जवळ जातो आणि त्यामुळे क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, दबलेला राहतो. दुसरं, लग्न, घराचं फर्निचर, कॉलेजची फी असा ठरलेला मोठा खर्च आहे आणि तो फेडायचे पैसे कुठून येणार हेही ठरलेलं आहे. 'सेल लागलाय' हे कारण नाही.

व्याजाचा आकडा एकदा डोळ्यांखालून घाला. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के व्याज लागतं. ३४,००० रुपये बाकी ठेवली तर पावणेचार टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,२७५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,५०० रुपये नुसते पाण्यात. शिवाय बाकी शिल्लक असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. हा दर ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तो सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा कायदा येऊन वाचवेल या भरवशावर राहू नका.

आणि गुजरीत सोनं घ्यायला लिमिट वाढवत असाल तर थांबा. दागिन्यांच्या खरेदीचा कार्डावर ईएमआय करून मिळत नाही. पुढच्या महिन्यात एकरकमी भरायची ताकद असेल तरच तो विचार करा.

सिबिल अहवाल काढा आणि कोल्हापुरी नजरेनं वाचा

देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढा. पैसे मागणाऱ्या पानावर अडकलात तर मागे या, फुकटचा पर्याय कोपऱ्यात असतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पण स्कोअर बघून अहवाल बंद करू नका, खरी माहिती आतल्या पानांत आहे.

आपल्या भागात सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे जामीन. मित्राच्या टेम्पोच्या कर्जाला, चुलतभावाच्या लेथच्या कर्जाला आपण सही करून मोकळे होतो. नागरी सहकारी बँकांनाही या कंपन्यांकडे माहिती द्यावी लागते, त्यामुळे ते कर्ज तुमच्या अहवालात 'जामीनदार' म्हणून दिसू शकतं. मित्राचे हप्ते थकले की कार्ड कंपनीच्या नजरेत तुमच्या डोक्यावरही ते ओझं येतं. लिमिटचा अर्ज करण्याआधी मित्राला फोन लावा. अवघड जाईल, पण लावा.

दुसरी गोष्ट बरोबर उलटी. ज्या पतसंस्थेत तुम्ही पंधरा वर्षं पिग्मी भरताय, तीन कर्जं घेऊन वेळेच्या आधी फेडलीत, जिथला शाखाधिकारी तुम्हाला चहा पाजतो, त्या पतसंस्थेतला तुमचा चोख व्यवहार सिबिलमध्ये बहुधा दिसतच नाही. बहुतेक पतसंस्था या नोंदीच्या साखळीत नाहीत. सराफाकडचं खातं, भिशी, लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याची महिन्याची उधारी, यांतलं काहीच तिथे पोचत नाही. शहरात तुमच्या शब्दावर पाच लाखांचा माल उठतो आणि कार्डाचं लिमिट मात्र ३०,००० वर अडकलेलं, हे चित्र म्हणूनच दिसतं. कार्ड कंपनीला तुमचा शब्द माहीत नाही, तिला फक्त कागद दिसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा शब्द कागदावर उतरवण्यासाठी आहेत.

तिसरी, जुनी 'सेटल्ड' नोंद. कधीतरी मोबाइल हप्त्यावर घेतला, शेवटच्या ८००-९०० रुपयांवरून वाद झाला, वसुलीवाल्यानं 'एवढे भरा, मिटवून टाकू' म्हटलं. अहवालात ते 'सेटल्ड' म्हणून बसतं आणि 'क्लोज्ड'पेक्षा कितीतरी वाईट दिसतं. उरलेली रक्कम भरून, ना-हरकत दाखला घेऊन ते दुरुस्त करून घ्या.

पत्ताही बघा. शिवाजी पेठेतलं जुनं घर सोडून कळंब्याला किंवा आर. के. नगरला राहायला गेलेल्यांच्या आधारावर एक पत्ता, कार्डावर दुसरा, वीजबिलावर तिसरा असतो. अर्जात हा घोळ नडतो.

चूक सापडली तर त्याच वेबसाइटवर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तारीख आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

अर्जाआधीचे चार-सहा महिने

लोक इथेच घाई करतात. पाडव्याला मनात आलं आणि पाडव्यालाच बटण दाबलं, तर नकाराची शक्यता जास्त.

लिमिटमधला किती भाग वापरलाय, याला स्कोअरमध्ये मोठं वजन आहे. तीस टक्क्यांच्या आत राहावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. दुकानाच्या कार्डाचं लिमिट मुळातच लहान, त्यामुळे एका दिवाळीत हे प्रमाण आभाळाला भिडतं. समजा लिमिट ४०,००० आहे आणि दिवाळीत ३४,००० ची खरेदी झाली. वापर झाला ८५ टक्के. तुम्ही बिल वेळेवर पूर्ण भरलं तरी बिलावर ३४,००० छापले गेले आणि तेच पुढे नोंदीला गेले. यावर उपाय सोपा आहे. बिल तयार व्हायच्या चार-पाच दिवस आधीच २६,००० भरून टाका. बिलावर ८,००० उरतील, वापर २० टक्के. पैसे तेवढेच गेले, फक्त तारीख बदलली. जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांना महिन्यातून निदान दोनदा स्थिती कळवावी लागते, त्यामुळे या शिस्तीचा परिणाम पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

वस्तू ईएमआयवर घेतली तर पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ते फिटतील तशी सुटते. बारा महिन्यांचा फ्रिज घेऊन तिसऱ्या महिन्यात लिमिट वाढवायला गेलात तर कार्ड अजून भरलेलंच दिसणार.

ऑटोपे लावा, आणि लावताना 'किमान रक्कम' नव्हे, 'संपूर्ण रक्कम' निवडा. दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी असतात आणि घाईत चुकीच्यावर बोट पडतं. सहकारी बँकेतलं खातं ऑटोपेला जोडता येत नसेल तर मोबाइलमध्ये तारखेआधी तीन दिवसांची आठवण लावा, कारण यूपीआयनं भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायला कधीकधी एक-दोन दिवस घेतात. मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच उशिराचा दंड लावता येतो किंवा थकबाकी म्हणून कळवता येतं, असा नियम आहे. तो अडचणीसाठी आहे, सवयीसाठी नव्हे.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामगाराचा पगार सात-दहा तारखेला होतो आणि कार्डाची मुदत तीन तारखेची असते, तेव्हा दर महिन्याला ओढाताण ठरलेली. बिलाची तारीख निदान एकदा तरी बदलून देणं कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे. ॲपमधून किंवा फोनवरून ती बदलून घ्या. ऊसबिलावर अवलंबून असाल तर मात्र तारीख बदलून भागत नाही. ते पैसे हंगामात एकदम येतात आणि कार्डाचं बिल दर महिन्याला. अशांनी कार्डाचा वापर दर दहा दिवसांच्या दूधबिलाच्या आवाक्यात ठेवावा.

आणखी एक. दुकानाचं कार्ड बरेच जण फक्त दिवाळीत आणि लग्नसराईत बाहेर काढतात. बाकी दहा महिने ते कपाटात. अशा कार्डाचं लिमिट कोण कशाला वाढवेल? एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड तर कळवून, ३० दिवस वाट बघून बंदच करायची तरतूद आहे. दर महिन्याला पेट्रोल, वीजबिल, किराणा असं काहीतरी त्यावर घ्या आणि पूर्ण फेडा. कार्ड रुपेचं असेल तर ते यूपीआयला जोडता येतं आणि क्यूआर कोडवरून महाद्वार रोडच्या दुकानांतही चालतं. मात्र कोड व्यापारी खात्याचा लागतो, दुकानदाराच्या वैयक्तिक खात्यावर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. असे छोटे खर्च कधी वाढतात ते कळत नाही, म्हणून आठवड्याला एकदा ॲपमधली बाकी बघायची.

या काळात दुसरं कार्ड, 'झिरो कॉस्ट' मोबाइल, झटपट ॲप कर्ज यांचे अर्ज बंद. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि सलग चार-पाच दिसल्या की माणूस अडचणीत आहे असा अर्थ लावला जातो.

उत्पन्नाचा कागद

लिमिट अडण्याचं सगळ्यात मोठं कारण बहुधा इथे असतं. मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेल्या पोरानं तुमचं कार्ड काढलं, तेव्हा त्यानं उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलं ते तुम्हाला आठवतं का? त्या दिवसानंतर तुमचा पगार दीडपट झाला असेल, पण कंपनीकडे जुनाच आकडा आहे. ॲपमध्ये 'प्रोफाइल' किंवा 'इन्कम अपडेट' असा भाग असेल तर आधी तिथे नवा आकडा आणि कागद चढवा. नसेल तर ग्राहक सेवेला विचारून ईमेलनं पाठवा.

नोकरदारांना फार कष्ट नाहीत. शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट एवढं पुरतं. छोट्या फौंड्रीत किंवा दुकानात रोख पगार घेणाऱ्यांनी मालकाला विनंती करून तो खात्यावर घ्यायला सुरुवात करावी. सहा महिने तसा गेला की कागद आपोआप तयार होतो.

धंदेवाल्यांचं अवघड आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपचं उदाहरण धरू. वर्षाची उलाढाल ३० लाख, पैसे सगळे खात्यावर आलेले. अनुमानित कर योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून कर भरायच्या सोयीत, सहा टक्के नफा दाखवून रिटर्न भरलं, म्हणजे उत्पन्न १,८०,००० रुपये. महिन्याला १५,०००. आता कार्ड कंपनीनं या माणसाला दीड लाखाचं लिमिट का द्यावं? तो म्हणतो, 'अहो, घरखर्चच माझा चाळीस हजार आहे.' खरं असेल, पण मग रिटर्नमध्ये तेवढं दिसायला हवं. या योजनेतले खात्यावरच्या पैशांचे सहा आणि रोखीचे आठ टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो. कर वाचवायला कमी दाखवलेलं उत्पन्न कर्ज मागताना आडवं येतं, आणि त्याच रिटर्नवर उद्या गृहकर्जही अडतं. आपल्या कर सल्लागाराशी पुढचं रिटर्न भरायच्या आधी बोला, नंतर बोलून काही होत नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवता येतं. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, दूध संस्थेचे खात्यावर आलेले पैसे, हे सोबत जोडता येतात. पण खरं सांगायचं तर कार्ड कंपन्यांचं यंत्र पगारपावती आणि रिटर्न ओळखतं, सातबारा त्याला फारसा वाचता येत नाही. निव्वळ शेतीवर असाल तर खाली मुदतठेवीवरच्या कार्डाचा पर्याय दिलाय, तो आधी वाचा.

स्टेटमेंटबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पासबुकाचे मोबाइलवर काढलेले फोटो चालत नाहीत. सहकारी बँकेत खातं असेल तर शाखेतून शिक्क्यासह छापील स्टेटमेंट घ्या, त्याचं स्वच्छ पीडीएफ करा. ॲप 'अकाउंट ॲग्रिगेटर'मधून स्टेटमेंट आपोआप मागवायला सांगेल. तुमची बँक त्या यादीत नसेल तर फाइल चढवण्याचा पर्याय निवडा.

मागायची वेळ आणि रक्कम

जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म १६ हातात पडतो, त्यामागोमाग रिटर्न भरलं जातं. म्हणून ऑगस्ट हा मागणीसाठी चांगला महिना: कागद ताजे असतात आणि दिवाळीला अवकाश असतो. ऐन दिवाळीच्या आठवड्यात मागितलं आणि नकार आला तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

किती मागावं? ४०,००० चं लिमिट असणाऱ्यानं एकदम तीन लाख मागू नयेत. दीडपट-दुप्पट मागणी पचते. त्याच कंपनीचं दुसरं कार्ड तुमच्याकडे असेल तर दोन्हींची मिळून एकच मर्यादा असू शकते. तसं असेल तर दुकानाच्या कार्डाचं लिमिट वाढवण्याऐवजी दुसऱ्या कार्डाचं थोडं इकडे वळवता येतं का, एवढंच विचारा. ते सहसा लवकर होतं.

बँका आता हात राखून का असतात, त्यालाही कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या येणे रकमेवरचं जोखीम-वजन बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के आणि एनबीएफसींसाठी १०० वरून १२५ टक्के केलं. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी त्यांना स्वतःचं भांडवल जास्त अडकवून ठेवावं लागतं. तुमचा अर्ज चांगला असूनही लिमिट थोडंच वाढलं तर ते दरवेळी तुमच्यामुळे नसतं.

प्रत्यक्ष मागणी

प्रथम ॲप उघडा आणि तयार ऑफर आहे का बघा. 'लिमिट वाढ', 'लिमिट एन्हान्समेंट' अशा नावानं ती असते. ही ऑफर म्हणजे कंपनीनं तुमचा वापर बघून आधीच घेतलेला निर्णय, त्यामुळे कागद लागत नाहीत आणि काम काही मिनिटांत होतं. ती असेल तर वेगळा अर्ज करायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायला नियमानं बंदी आहे, म्हणून ओटीपी टाकून संमती मागितली जाते. ती ॲपमध्ये तुम्ही स्वतः टाका, फोनवर कुणाला सांगू नका.

ऑफर नसेल तर कार्डाच्या मागच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. लांबण लावू नका. साधारण असं बोला:

'माझं कार्ड तीन वर्षांपासून आहे, आतापर्यंत सगळी बिलं पूर्ण आणि वेळेवर भरली आहेत. मधल्या काळात माझं उत्पन्न वाढलंय. लिमिट चाळीस हजारांवरून ऐंशी हजार करून हवंय. उत्पन्नाचे कागद कुठे पाठवू? आणि मला विनंती क्रमांक द्या.'

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि कागद पाठवण्याआधी एक प्रश्न विचाराच: 'यासाठी माझ्या क्रेडिट अहवालाची नव्यानं चौकशी होणार आहे का?' हो म्हणाले आणि तुम्ही पुढच्या दोन-तीन महिन्यांत गृहकर्ज घेणार असाल, तर लिमिट नंतर बघा. कागद ईमेलनं पाठवताना विषयात विनंती क्रमांक आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही, ओटीपी यांतलं काहीही ईमेलमध्ये येता कामा नये. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या.

बायकोला किंवा आईला पुरवणी कार्ड काढून दिलं की घरातलं लिमिट वाढेल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. पुरवणी कार्ड त्याच लिमिटमधून खर्च करतं, आणि त्याचा व्यवहार मूळ कार्डधारकाच्या नावावर नोंदतो. वहिनींनी दहा वर्षं पुरवणी कार्ड चोख वापरलं तरी त्यांच्या स्वतःच्या अहवालात काहीच येत नाही.

नकार आला तर

कारण विचारा, लेखी मागा. नव्या कार्डाचा अर्ज नाकारल्यास लेखी कारण देणं कंपनीला बंधनकारक आहे. लिमिटच्या मागणीलाही बहुतेक ठिकाणी ईमेलवर काहीतरी उत्तर मिळतं. 'अंतर्गत धोरणानुसार' असं मोघम उत्तर आलं तर सिबिल अहवाल पुन्हा काढून स्वतः शोधा. पुढची मागणी सहा महिन्यांनी. दर महिन्याला अर्ज करून काही साधत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ का, असं कुणी कुणी विचारतं. लिमिट दिलं नाही, या एकाच तक्रारीवर तिथे जाऊन उपयोग नाही, तो कंपनीचा धंद्याचा निर्णय मानला जातो. पण संमती न घेता लिमिट वाढवलं, न कळवता कमी केलं, भलताच दंड लावला, असं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत पोर्टलवरून तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणि आता मुदतठेवीवरचं कार्ड. ज्यांचं उत्पन्न कागदावर येत नाही, ज्यांचा सगळा व्यवहार पतसंस्थेत आहे, त्यांच्यासाठी मला हा रस्ता सगळ्यात चांगला वाटतो. बँकेत ठेव ठेवायची, ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत लिमिटचं कार्ड मिळतं, ठेवीवर व्याज चालू राहतं. उत्पन्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. एक लाखाची ठेव असेल तर दुकानाच्या ४०,००० च्या कार्डापेक्षा जास्त लिमिट हातात येतं आणि सिबिलमध्ये तुमची नोंद सुरू होते. वर्षभर चोख वापरलं की दुकानाच्या कार्डाची लिमिट-ऑफर आपोआप दिसायची शक्यता वाढते. पैसे थकवले तर मात्र बँक ठेवीतून वळते करून घेते.

मिळाल्यावर लगेच

ॲपमध्ये 'कार्ड कंट्रोल' हा भाग शोधा. ऑनलाइन, परदेशी, टॅप-अँड-पे असे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय ऑक्टोबर २०२० पासून द्यावीच लागते. एकूण लिमिट ८०,००० झालं तरी ऑनलाइन व्यवहाराला १०,००० ची मर्यादा लावता येते. परदेशी व्यवहार बंदच ठेवा. 'ओव्हर-लिमिट' सुविधेला होकार देऊ नका. त्यावर शुल्क असतं, आणि तुमच्या संमतीशिवाय ती लावता येत नाही. कार्डावरून रोख काढणंही टाळा, त्याला बिनव्याजी मुदत नसते आणि वर वेगळं शुल्क पडतं.

वर्षभरात कार्डांची बिलं मिळून दहा लाखांवर भरलीत तर ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवली जाते. मित्रांची खरेदी आपल्या कार्डावर करून पॉइंट गोळा करणाऱ्यांनी आणि रिटर्नमध्ये दोन लाख दाखवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

लिमिटची चर्चा सुरू झाली की 'लिमिट वाढवून देतो' म्हणणारे फोनही सुरू होतात. बँकांच्या सेवेचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून आणि जाहिरातीचे १४० वरून, अशी व्यवस्था केलेली आहे. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कुणी ओटीपी मागितला, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून 'इन्स्टॉल करा' म्हणाला, स्क्रीन शेअर करायला लावली किंवा फी मागितली, तर फोन ठेवा आणि कार्डाच्या मागच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि कार्ड कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.